शेजारच्या सीटवरचा ब्रेक

त्या गावात गाडी चालवता येणारा कुणीही माणूस धरून आणा आणि विचारा, बाबा रे, तुला शिकवलं कुणी? तो मास्तरांकडेच बोट दाखवील. न दाखवणारा खोटं बोलत असेल, नाहीतर त्याला गाडी येत नसेल. दवाखान्यातला डॉक्टर मास्तरांच्या हाताखालचा, पाववाला त्यांच्या हाताखालचा, आणि रस्त्यात गाडी आडवी घालून शिव्या देणारा तो पाण्याचा टँकरवालाही त्यांचाच. त्याच्याबद्दल मास्तर म्हणायचे, "गाडी मी शिकवली, शिव्या तो घरून घेऊन आला होता."

मास्तरांची गाडी छोटी, कधीकाळी पांढरी असलेली. तिला सगळे म्हातारी म्हणत. तिची गंमत अशी, की चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढेही दोन पेडलं होती, एक क्लच आणि एक ब्रेक. तिसरं नाही. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाला गाडी थांबवता येई, पळवता येत नसे. अशा सीटवर मास्तरांनी उभा जन्म काढला. लोक थट्टेनं म्हणत, मास्तर उंटावरून शेळ्या हाकतात. मास्तर हसायचे आणि म्हणायचे, "अहो, पण उंटाचा ब्रेक माझ्या पायाखाली आहे!"

शिकवणं मात्र त्यांचं खरंच वेगळं. आवाज कधी चढायचा नाही. समोर ट्रक आला आणि शिकणाऱ्याची पाचावर धारण बसली, तरी हे चहा मागवल्यासारखं म्हणायचे, "पाय उचला. हं. आता जिथं जायचंय तिकडे बघा." त्यांची मान रस्त्याकडे असे, पण डोळ्याचा कोपरा कायम शिकणाऱ्याच्या पायांवर. माणसाचं तोंड खोटं बोलतं, हातसुद्धा खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. एखाद्याचा पाय नुसता थरथरला, तरी मास्तरांचा पाय त्याआधी ब्रेकवर टेकलेला असायचा.

नव्या माणसाला ते पहिले काही दिवस गाडीला हातही लावू देत नसत. घरातल्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडायच्या, हातात स्वयंपाकघरातलं जेवणाचं ताट द्यायचं, हेच स्टिअरिंग. मग शिकवणी सुरू. "रस्ता ओला आहे. गाडी घसरली. काय कराल?" शिकणारा हटकून म्हणायचा, "ब्रेक!" "गेलात खड्ड्यात. पुन्हा. ओल्या रस्त्यावर घसरली की दोन्ही पाय वर. ताट जाल त्या दिशेला फिरवा, हळूच. ब्रेक नाही म्हणजे नाही."

आणि मधलं दार उघडं ठेवून आतल्या खोलीत त्यांची बायको शिवणयंत्रावर बसलेली असायची. गावातले पडदे, उशांचे अभ्रे, पँटच्या खालच्या शिवणी, सगळं तिच्याकडे. गाव तिला नुसतं 'बाई' म्हणायचं. ताटं कमी पडायची म्हणून ती कधी कधी वैतागायची. एवढं सोडलं तर शिकवणीशी तिचा संबंध नाही, असं मास्तरांना वाटायचं. दोनचारदा तिनं म्हटलंही होतं, "मलाही शिकवा की." हे म्हणायचे, "शिकवू. घाई काय आहे? तू घरचीच." गावाला उजेड दिला, घरात मात्र दिव्याखाली अंधार. आणि वर्षं काय, वाट बघत थोडीच थांबतात!

मग मास्तरांचे डोळे बिघडले. समोर सरळ बघितलं की मधोमध एक काळपट डाग, ओल्या बोटानं शाई पुसल्यासारखा. कडांचं सगळं स्वच्छ दिसायचं. भिंतीवरचं घड्याळ बघायला गेलं तर घड्याळ नाहीसं आणि भिंत हजर. डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी, त्याला बोलताना अवघड झालं. "मास्तर, आता गाडी बंद. शिकवणंही." मास्तर म्हणाले, "बरं." घरी आले आणि म्हातारीच्या टपावरची शिकवणीची पाटी स्क्रू काढून उतरवली. स्क्रूची भोकं तशीच राहिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मुलगी डोंगरापलीकडच्या शहरात. जावई माणूस लाखात एक, पण त्याचं सगळं कसं व्यवहारी. "बाबा, आता ही गाडी कशाला दारात? डोळे नाहीत, वय झालं. मी माणूस पाठवतो, घेऊन जाईल. बस आहेच की."  उत्तर दिलं ते बाईनं. यंत्रावरचा पाय न थांबवता म्हणाली, "बसनं आपण लोकांच्या वेळेवर जाणार, लोकांच्या वेळेवर येणार. मी शिकते."

मास्तर हसले. साठी उलटलेली बाई! पण ती हसत नव्हती.

बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली, आणि गावानं जे कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. मास्तर ओरडत होते! परक्यांच्या पोरांना 'हं, आता हळूच' म्हणणारा हा माणूस बायकोला मात्र "अगं बघ! अगं किती! अगं देवा!" अशी उभ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्यानं हाक द्यायचा. आपल्या माणसाला शिकवताना शहाण्याचाही वेडा होतो, त्याला इलाज नाही. बाई मात्र झपाट्यानं शिकली. यंत्राच्या पायट्यावर तिचा जन्म गेला होता. किती दाबलं की किती धावतं, हे तिच्या तळव्याला ठाऊकच होतं. तिनं परीक्षा दिली, पासही झाली.

पण मास्तरांचा पाय काही शेजारच्या ब्रेकवरून उतरेना. जित्याची खोड, दुसरं काय! बाजाराला जाताना, दवाखान्यात जाताना, बाई चालवतेय आणि शेजारी ह्यांचा बूट ब्रेकवर टेकलेला. ती म्हणायची, "पाय काढा ना तो." हे म्हणायचे, "नुसता ठेवलाय." वळणावर गाडी जरा हळू झाली की तिला कळायचं नाही, आपण हळू केली की ह्यांनी.

मुलीनं फोनवर वाटाघाटी केल्या. "आई, तू स्वतः डोंगर ओलांडून गाडी घेऊन जेवायला ये. आलीस नीट, की आम्ही विकण्याचं नाव पुन्हा काढणार नाही. नाहीतर मग माणूस येईल, आणि तू अडवायचं नाहीस." बाई म्हणाली, "ठरलं."

म्हणून त्या सकाळी दोघं निघाली.

पाऊस असा नव्हताच. हवेतच पाणी होतं, ते काचेवर आपोआप जमायचं आणि वायपर ते पुसायचा. डोंगर चढायला लागल्यावर धुकं खाली उतरलं. आधी दूरची झाडं गेली, मग जवळची. मास्तरांना तर सगळं जगच आपल्या डोळ्यांसारखं झालेलं दिसलं. एका अर्थी त्यांना बरं वाटलं, आज सगळ्यांनाच कमी दिसतंय. गाडीत इंजिनाची घरघर, काचेवरची खसखस, आणि बाईनं मांडीवर ठेवलेल्या रुमालाचा साबणाचा वास.  मास्तरांना असं वाटायला लागलं की आपण कुठं चाललो नाही, रस्ताच खालून हळूहळू मागे सरकतोय. डोळे मिटले असते तर मस्त झोप लागली असती. पण पाय ब्रेकवर होता, आणि पाय जागा असला की हा माणूस झोपत नाही.

माथ्यापलीकडच्या उताराच्या वळणावर झाडांची पानं गळून रस्त्यावर थर झाला होता. ओली, सडकी, साबणासारखी निसरडी पानं. म्हातारीची मागची बाजू एकदम सुटली.  गाडी तिरपी होऊन निघाली, आवाज न करता, पाण्यावरून होडी सरकावी तशी.

आणि त्या क्षणी मास्तरांच्या डोळ्याच्या कोपऱ्यानं बाईचे पाय बघितले. दोन्ही वर. पेडलांपासून चांगले वर उचललेले, करड्या बुटांचे तळवे दिसतील इतके. तिनं स्टिअरिंग घसरत्या दिशेला फिरवलं, हळूच, ताट फिरवावं तसं. मग थोडं उलट. गाडी वळवळली, ऐकली, आणि सरळ व्हायला लागली.

तेवढ्यात मास्तरांनी समोर बघितलं. धुक्यात, बरोब्बर रस्त्याच्या मधोमध, काहीतरी काळं उभं होतं.

त्यांचा पाय खाली गेला. उभा जन्म ज्याची वाट बघत बसला होता, त्या पूर्ण जोरानं.

चाकं जागच्या जागी आवळली. म्हातारी पुन्हा सुटली, आता काही कुणाचं ऐकायला तयार नव्हती. अर्धी गिरकी घेऊन ती रस्त्याकडेच्या गवतात शिरली, कठड्याच्या दगडाला गाल घासला, दोन आचके दिले आणि बंद पडली.

मग जी शांतता झाली ती काय सांगू! वायपर काचेच्या मध्येच थांबलेला. तापलेल्या इंजिनावर थेंब पडून चुर्र, चुर्र व्हायचं, मग तेही थांबलं. दोघांच्या श्वासानं काचा आतून पांढऱ्या झाल्या. बाहेर धुकं, आत वाफ. दोघांना खरचटलंही नव्हतं. कापसाच्या पेटीत ठेवल्यासारखी ती दोघं बसून राहिली.

पहिल्यांदा बाई बोलली. "लागलं का हो कुठं?"

"नाही. तुला?"

"नाही." ती स्टिअरिंगवरचे हात काढत नव्हती. "क्लच दाबायचा राहिला माझा. म्हणून बंद पडली. हो ना?"

मास्तरांनी आपला पाय हळूच ब्रेकवरून उचलला.

"मला वाटलं, सरळ झाली. खरंच वाटलं हो तसं. झाली म्हणता म्हणता पुन्हा कशी गेली, काही कळलं नाही." मग ती म्हणाली, "जावई बरोबर बोलत होता. माझ्यानं व्हायचं नाही हे. आज वाचलो, उद्या तुम्हाला कुठं घालीन मी. विकून टाका तिला."

आता बघा, किती सोपं होतं! गप्प बसायचं, झालं. तिला काही दिसलं नव्हतं. गाडी विकली जाणारच होती, मास्तर मास्तरच राहणार होते. गावात म्हणाले असते, बायकोला काही जमलं नाही, मास्तरांनी किती जीव तोडून शिकवलं! त्या पांढऱ्या काचेवर मास्तरांना आपले सगळे विद्यार्थी ओळीनं दिसायला लागले. हातात ताटं घेऊन खुर्च्यांवर बसलेले, तरुण, केस काळे असलेले. डॉक्टर, पाववाला, तो टँकरवाला. सगळे एकसुरात म्हणत होते, ब्रेक! आणि मास्तर त्यांना सांगत होते, गेलात खड्ड्यात.

पण आधी ते काळं काय होतं, ते बघायला हवं होतं. माणूस असला तर? मास्तरांनी दार ढकललं आणि गवतात उतरले. रस्त्यावर आले. माणूस नव्हता, जनावर नव्हतं, पडलेलं झाड नव्हतं. ओला रस्ता धुक्यात शिरून नाहीसा झाला होता. ते रस्त्याकडे बघत राहिले, तर ते काळं पुन्हा मधोमध येऊन उभं राहिलं. त्यांनी डोंगराकडे बघितलं, ते डोंगरावर गेलं. गवताकडे बघितलं, ते गवतात आलं. 

ते परत आले आणि दारात वाकून बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा जिथं असायला हवा, तिथं तोच डाग. खांदे होते, केस होते, हात होते. चेहरा नव्हता. त्यांनी मान जराशी वळवली, दुसरीकडे बघतोय असं केलं, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा चेहरा आला. ती रडत होती. आवाज न करता, नाक लाल करून.

"अगं," मास्तर म्हणाले, "ब्रेक मी मारला."

तिनं वर बघितलं.

"तू पाय उचललेस. मी बघितले. तू गाडी बाहेर काढली होतीस. मला समोर काळं दिसलं आणि मी ब्रेक दाबला. समोर काही नव्हतं. ते माझ्या डोळ्यातलं होतं."

बाईनं स्टिअरिंगवरचे हात सोडले. मग म्हणाली, "म्हणजे मी काढली होती?"

"काढली होतीस."

"घसरलेली?"

"घसरलेली. इतकी छान तर माझ्या एकाही विद्यार्थ्यानं काढली नाही. कुठं शिकलीस तू ते? मैदानावर मी तुला घसरण शिकवलीच नव्हती. म्हटलं, घाबरशील."

"अहो, ती खोली काय परदेशात होती?" बाईला आता राग आला, आणि राग आला की ती रडायची थांबायची. "वर्षानुवर्षं मी आत बसून ऐकतेय. दोन्ही पाय वर, ताट जाल त्या दिशेला, ब्रेक नाही म्हणजे नाही! माझ्या सगळ्या ताटांना पोचे पाडलेत तुम्ही. मला पाठ आहे सगळं. तुम्ही सोडून सगळ्या गावाला पाठ आहे!"

मास्तर दारात उभे होते. टोपीवरून पाणी मानेत जात होतं. त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

"आणि तुम्हाला सांगते," ती म्हणाली, आता आवाज खाली होता, "गाडी बंद पडली त्याचं मला काही नाही. पण एवढे महिने मला कळत नव्हतं, मी चालवतेय की तुमचा पाय चालवतोय. नीट पोचले की वाटायचं, ह्यांनी पोचवलं. म्हणून आज वाटलं, पहिल्यांदा मी एकटीनं केलं आणि मीच वाट लावली. कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. मास्तर म्हणाले, "चुकलं माझं."

"मग मागे बसा."

"काय?"

"मागे. पोरं बसायची ना, आपली पाळी येईपर्यंत? तिथं बसा."

मास्तर मागच्या सीटवर बसले. म्हातारीची मागची सीट एवढी खाली बसलेली आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पुढे काहीच नव्हतं पायाखाली, फक्त रबराची चटई.

बाईनं चावी फिरवली. म्हातारी खोकली, पण उठली नाही. पुन्हा फिरवली. पेट्रोलचा वास आला. मास्तरांच्या ओठांवर शब्द येऊन बसले, आता जरा थांब, फार पेट्रोल गेलंय. त्यांनी ओठ दातांखाली धरले. असं गप्प बसायला त्यांना डोंगर चढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले असतील. बाई थांबली. बाहीनं काच पुसली. रुमालानं नाक पुसलं. तिला काही घाई नव्हती. मग तिनं पुन्हा चावी फिरवली, आणि म्हातारी दोनदा कुरकुरून सुरू झाली. गवतातून बाहेर निघताना मागून मास्तरांना फक्त तिचा अंबाडा दिसत होता.

उतरणीवर धुकं विरळ झालं. समोरचं मास्तरांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ते बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसले. कडेनं एकेक गोष्ट येऊन जात होती. पाण्यानं काळी झालेली खोडं, दोरीवर वाळत घातलेले आणि पुन्हा भिजलेले कपडे, कुंपणाला लावलेली सायकल, एका घराच्या खिडकीत लागलेला दिवा. सगळं आपापल्या जागी, कुणाला थांबवायचं नव्हतं. इतक्या वर्षांत हा रस्ता असा आहे हे त्यांनी बघितलंच नव्हतं. एका वळणावर गाडी किंचित सरकली आणि परत आली. मास्तरांचा पाय चटईवर दाबला गेला. चटई ती चटईच. गाडी आपली चालत राहिली. पुढच्या वळणाला पाय जरा कमी दाबला गेला. त्यानंतर कधीतरी त्यांना डुलकी लागली.

जाग आली ती मुलीच्या हाकेनं. गाडी तिच्या दारात उभी होती. मुलगी धावत आली, आईच्या गळ्यात पडली, मग मागच्या दारातून उतरणाऱ्या बापाकडे बघून तिला काही कळेना. जावई हात मागे बांधून म्हातारीभोवती फिरला. बंपरमध्ये गवत अडकलं होतं, एका दिव्याची काच फुटली होती, दारावर दगडाचा लांब ओरखडा.

"आई," तो म्हणाला. खोचकपणे नाही, समजुतीनंच म्हणाला. "बघा. हेच मी सांगत होतो. आता तरी पटलं ना?"

मास्तरांनी बाईकडे मान वळवली, तिरकी.  तिनं हातातला रुमाल घडी घालायला घेतला होता. सांगणार नव्हती ती. नवऱ्याची लाज जावयासमोर उघडी पडू नये, म्हणून ती मुकाट्यानं गाडी देऊन टाकणार होती, आणि परत जाताना बसच्या खिडकीत तशीच रुमाल घडी घालत बसणार होती.

"ते मी केलं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही? पण चालवत तर आई होत्या ना?"

"हो. तिनं गाडी घसरणीतून बाहेर काढली, आणि मी भलतंच बघून ब्रेक दाबला. गाडी मी घातली दगडावर, माझ्या बाजूच्या ब्रेकनं. त्यानंतर मला मागे बसवलं तिनं, आणि इथपर्यंत आणलं. मी झोपलो होतो." ते जावयाकडे बघत होते, म्हणजे जावयाच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होते, तेव्हा त्यांना जावई दिसत होता. "तुमच्याकडे पाना आहे का? जेवण होईपर्यंत ती माझ्या बाजूची दोन्ही पेडलं काढून टाका. परत जाताना तिच्या शेजारी बसायचंय मला."

जावई पाना आणायला आत गेला. मुलगी आईकडे बघत राहिली. बाईची रुमालाची घडी काही जमेना, शेवटी तिनं तो तसाच चुरगाळून तोंडाला लावला.